मारणाऱ्याचा रकाना

सरांनी मला खोली दिली ती एका बंद ट्रान्झिस्टरमुळे. रायपूरला बूढापाऱ्यात त्यांच्या दारात मी उभा राहिलो तेव्हा त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मटण-मच्छी खातो का हेही विचारलं नाही. घरून कोणकोणत्या मशिनी घेऊन आलास, एवढाच प्रश्न. मी म्हणालो, वडिलांचा ट्रान्झिस्टर आहे. चालतो का? नाही. मग आणला काहून?  फेकवला नाही, असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी आत जाऊन किल्ली आणली. आज वाटतं, तो ट्रान्झिस्टर मी घरी डोंगरगडलाच भंगारात देऊन आलो असतो तर दुसरीकडे कुठेतरी खोली मिळाली असती आणि माझं बरं चाललं असतं.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. जुन्या राजधानीतून ट्रंका भरभरून फायली येत होत्या आणि त्या ठेवायला जागा नव्हती. ज्याच्या त्याच्या बंगल्यावर सरकारी पाटी लागत होती. आमचं संचालनालयही असंच एका भाड्याच्या बंगल्यात होतं. संचालक बेडरूममध्ये बसायचे, आस्थापना शाखा गॅरेजमध्ये, आणि आम्ही टायपिस्ट स्वयंपाकघरात. ओट्यावर ओळीनं टायपरायटर मांडलेले. सिंकच्या शेजारची जागा दीदींची.

दीदी मूळच्या इथल्याच, जवळच्या अभनपूरच्या. रोज छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीनं यायच्या आणि त्याच गाडीनं परत जायच्या. राज्य होण्याच्या कितीतरी आधीपासून त्या रोजंदारीवर टायपिंग करत होत्या आणि आज ना उद्या आपण नियमित होऊ या आशेवर होत्या. टाइप करताना त्यांनी कधी बोटांकडे पाहिलं नाही. गाडीत भेटलेल्या कुणा बाईची हकीकत आम्हाला सांगता सांगता इकडे शासनाचा आदेश तयार व्हायचा, आणि त्यात खाडाखोड नसायची. मीही रोजंदारीवरच लागलो होतो. समास किती सोडायचा, कार्बन कसा धरायचा, साहेब चिडले असले की कागद कुठल्या हातानं द्यायचा, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. मी त्यांना दीदी म्हणायचो आणि त्या मला भैया.

सर हिंदी शाळेतून जीवशास्त्राचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. घराणं भोसल्यांच्या काळात इथं आलेलं, त्यामुळे मराठी बोलायचे ती आमच्यापेक्षाही रांगडी, आणि मध्ये मध्ये होयला हव आणि मोहल्ल्याला पारा अशी पेरलेली. बायको वारलेली, मुलगा भिलाईला. खालच्या मोठ्या खोलीत त्यांनी मेलेल्या मशिनी जमवल्या होत्या. डायलचे फोन, पेजर, रोलचे कॅमेरे, घड्याळं, दळणाची हातयंत्रं, काय वाटेल ते. प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, शाळेत बरण्यांना बांधतात तशी. दर रविवारी सकाळी आंघोळ करून ते एक मशीन मेणाच्या ट्रेमध्ये घेत, त्याच ट्रेमध्ये ज्यात त्यांनी आयुष्यभर पोरांकडून बेडूक कापून घेतले होते, आणि चिमट्यानं तिचे भाग सुटे करून टाचण्यांनी टोचून ठेवत. मला हाक यायची, "ओ टायपिस्ट, ये खाली, आज फोन फाडून राहिलो." जोड्याला तेल लावायचं कामही मिळालं असतं तर मी आनंदानं केलं असतं, इतका तो वेळ मला कंटाळवाणा वाटायचा. पण घरमालकाला नाही कसं म्हणायचं?

फाडून झालं की वही निघायची. लांबोडकी, कापडी पुठ्ठ्याची. रकाने आखलेले: नाव, कुठं सापडली, कोणता अवयव पुढं कोणाच्या अंगात गेला, मरणाचं कारण. आणि शेवटचा रकाना, मारणारा.

हा शेवटचा रकाना म्हणजेच सर. बाकी सगळा नाद कुणाही म्हाताऱ्याला असू शकतो. त्यांचं म्हणणं असं की लोक मशिनींना जनावरांचा नियम लावतात ती शुद्ध लबाडी आहे. जनावरात कुणी निवडत नाही. दुष्काळ पडतो, पाणी आटतं, ज्याची चोच लांब तो जगतो, बाकीचे जातात, आणि कुणाला जाब विचारता येत नाही. चिमणी पोपटाचे पंख उसने घेत नाही. पण फोननं घड्याळ खाल्लं, टॉर्च खाल्ला, आता कॅमेरा खाऊन राहिला. मेलेलं जनावर परत येत नाही, मशीन उद्या कुणी ठरवलं तर परत बनते. म्हणजे मशीन मरते तेव्हा कुठेतरी, कुठल्यातरी खुर्चीत बसून कुणीतरी तसं ठरवलेलं असतं. त्याचं नाव लिहायचं. नाव सापडलं नाही तर रकाना रिकामा ठेवून ते शोधत हिंडायचे.

एकदा मला घेऊन ते पंडरीच्या कापडबाजारात गेले. तिथल्या एका कपड्याच्या ठोक व्यापाऱ्यानं कापडाचं थान मोजायचा लोखंडी गज काढून मोजायची मशीन बसवली होती, आणि गजावर आयुष्य घालवलेल्या माणसाला घरी पाठवलं होतं. सरांनी तो गज मागून घेतला आणि विचारलं, त्याला काढला कुणी. व्यापारी हसून म्हणाला, गुरुजी, जमाना बदल गया है. सर म्हणाले, "जमाना बैठता कहाँ है? मिलवा दो, दो मिनट का काम है." व्यापाऱ्याला आधी गंमत वाटली, मग राग आला. आम्हाला दुकानातून जवळजवळ हाकललंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र रिक्षात बसल्या बसल्या वही उघडून त्या व्यापाऱ्याचं नाव लिहीत होते, आणि अक्षर हलू नये म्हणून रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगत होते.

वहीच्या पहिल्या पानावर मारणारा म्हणून सरांचं स्वतःचं नाव होतं. मी एकदा विचारलं. त्यांच्या शाळेत प्रयोगशाळेच्या जागी कॉम्प्युटरची खोली करायची होती. तीस वर्षं जमवलेल्या बरण्या, साप, विंचू, दोन डोक्यांचं वासरू, सगळं निकामी ठरवायचा कागद आला. वरून आलंय, असं मुख्याध्यापक म्हणाले. सरांची निवृत्ती तोंडावर, पेन्शनचे कागद त्याच मुख्याध्यापकांच्या टेबलावर. "मी सही केली," ते म्हणाले. "वरून कोनी आलं नव्हतं बे. कागद आला होता. सही मी केली." एवढं सांगून ते पेजरच्या टाचण्या काढायला लागले.

कॉम्प्युटर शिकायला मला त्यांनीच पाठवलं, हे मी कबूल करतो. तुह्या टायपरायटरचं कुंकू जाऊन राहिलं, शिकून घे, असं रोज मागे लागून त्यांनी मला संध्याकाळच्या क्लासला घातलं. तिथं पहिल्याच दिवशी माझी बोटं आंधळी झाली. हिंदी अक्षरांच्या जागाच वेगळ्या होत्या. टायपरायटरवर जिथं एक अक्षर, तिथं इथं भलतंच. घरी येऊन मी रडकुंडीला आलो तेव्हा सर म्हणाले, "मानसाचं शेपूट गेलं पन बुडाशी हाड राहिलंच नं? टायपरायटरचं बी हाड राहिलं असन कुठंतरी त्या डब्यात. शोध." मी शोधलं. हिंदीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका कोपऱ्यात मांडण्यांची यादी होती, त्यात तिसरं नाव टायपरायटरचं. त्यावर टिचकी मारली की अक्षरं जुन्या जागी येऊन बसायची आणि जुनी बोटं जशीच्या तशी चालायची. सरांना सांगितलं तर ते पोरासारखे खूश झाले. मला बाहेर नेऊन जिलबी खाऊ घातली. तरीही मी हट्टानं नवी मांडणी शिकलो, कारण क्लासवाला म्हणाला होता की पुढं हीच चालणार.

तर आता ती गोष्ट, जिच्यासाठी एवढं सगळं लिहिलं.

दोन-तीन वर्षं गेली आणि आमच्या स्वयंपाकघरात एक कॉम्प्युटर आला. गॅसची शेगडी असायला हवी तिथं त्याला बसवला. बाकीचे टायपिस्ट इकडे तिकडे पांगले होते, राहिलो होतो दीदी आणि मी. नियमित जागा आली ती एक. साहेबांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं, एक पान, दहा मिनिटं, कॉम्प्युटरवर. आणि कॉम्प्युटर चालू कसा करायचा हे ऑफिसात फक्त मला येत असल्यामुळे परीक्षेची तयारी मीच करायची होती. आपल्याकडे हे असंच असतं, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आधी मी बसलो. नवी मांडणी लावून पान वेळेच्या आत पूर्ण केलं. मग दीदी बसल्या. पदर खोचला, कागद डावीकडे उभा केला, आणि नेहमीसारखी कागदावर नजर ठेवून बोटं चालवायला सुरुवात केली. काय वेग होता. दोन ओळी झाल्यावर त्यांनी पडद्याकडे पाहिलं. आपल्या बोटांनी काय लिहिलंय हे त्यांना पाहावं लागतंय, असं मी पहिल्यांदाच बघत होतो. पडद्यावर नुसता चिवडा होता. त्यांनी पुसलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "ये ह मोर अंगरी ल नइ चिन्हत हे, भैया." हा माझी बोटं ओळखतच नाहीये, असं त्या म्हणाल्या.

दोन टिचक्यांचं काम होतं. मी त्यांच्या उजव्या हाताला उभा होतो.

साहेब वाईट माणूस नव्हते. दीदींचं काम ते ओळखून होते. त्यांनी मला सरळ विचारलं, "इसमें कोई सेटिंग-वेटिंग का चक्कर तो नहीं है?"

मी म्हणालो, "नहीं सर, कंप्यूटर में ऐसा ही आता है."

दहा मिनिटं झाली. दीदी उठल्या, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, चलो, तुम्हारा तो हुआ. मग टायपरायटरवर झाकण घातलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

मी पेढे घेऊन घरी गेलो. सरांच्या हातात पेढा ठेवला आणि सगळं सांगितलं, म्हणजे जेवढं सांगायचं तेवढं. दीदींना जमलं नाही, जमेनाच. आणि वर शहाणपणा केला. म्हणालो, निवड आहे सर, जो बदलत नाही तो मागे पडतो, निसर्गाचाच नियम.

सरांनी पेढा तोंडाजवळ नेला होता. तिथंच थांबून त्यांनी विचारलं, "मांडणी कोनती लावली होती?"

मी पेढ्यांच्या खोक्याचा दोरा गुंडाळायला लागलो.

"तिले सांगितलं का तिसरी हाय म्हणून?"

पेढा त्यांनी खोक्यात परत ठेवला, जिथून घेतला होता त्याच जागी. म्हणाले, "साप बेडकाले खाते तं गप खाते. मानूस खाते अन् वरून नियम सांगते."

मग माझा तोल गेला. मीही बोललो. जागा एक होती, वडील निवृत्त झाले होते, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं, मी काय करायला हवं होतं? तुम्ही माझ्या जागी असता तर? सर माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. राग असता तर मी तो सोसला असता.

"मी बी हेच केलं असतं," ते म्हणाले. "केलंच आहे. म्हणून तं तो रकाना हाय."

पुढच्या महिन्यात ऑफिसचे टायपरायटर भंगारात निघाले. सरांनी भंगारवाल्याला गाठून दीदींचाच नेमका ओळखून घेतला, सिंकमधल्या पाण्यानं त्याच्या एका बाजूचा रंग उडालेला होता. दोन दिवस बसून तेलपाणी केलं, नवी रिबन घातली. हा एकच त्यांनी ट्रेमध्ये घेतला नाही. मग टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन, सत्तरीचा माणूस छोट्या गाडीनं अभनपूरला गेला. तहसीलच्या बाहेर अर्ज टाइप करून दीदींना पोट भरता येईल, असा त्यांचा हिशेब. दुपारनंतर ते टायपरायटरसकट परत आले. मी अंगणात कपडे वाळत घालत होतो. ते पायरीवर बसले आणि बराच वेळ दम खात राहिले. तहसीलच्या बाहेरही आता कॉम्प्युटरच बसलेत, असं त्यांनी सांगितलं. दीदी भावाच्या किराण्याच्या दुकानात बसतात. टायपरायटर बघून त्यांनी हात लावला नाही.

"मले पानी पाजलं तिनं," सर म्हणाले. "चहा पाजला. अन् जाताना तुह्याबद्दल इचारलं. भैया ठीक है न, म्हणे."

मला वाटलं होतं त्यांनी तिथं सगळं सांगून टाकलं असेल. त्यांनी सांगितलं नव्हतं. ते माझ्यासाठी ठेवलं होतं. गाडी रोज सुटत होती, तिकीट माझ्या ऐपतीतलं होतं, आणि मी गेलो नाही. आज जातो, उद्या जातो करत मी कधीच गेलो नाही. आता तर ती गाडीही बंद झाली आणि शहरातल्या रुळांच्या जागी रस्ता आलाय, त्यामुळे मला निमित्तही आयतंच मिळालं.

सर मला खोली सोडायला म्हणाले नाहीत. भेटले की, जेवला का, असं विचारायचे. फक्त रविवारची हाक बंद झाली. वरच्या खोलीत मला खालून चिमट्याचा आवाज यायचा आणि मी पलंगावर पडून त्याची वाट बघायचो. ज्या वेळाचा मला इतका कंटाळा होता तो वेळ कुणी माझ्याकडून काढून घेतल्याचं एवढं लागेल, असं वाटलं नव्हतं. दोन महिन्यांत मी सरकारी क्वार्टर मिळवलं आणि निघालो. निघताना त्यांनी खालच्या खोलीत ठेवलेला माझा ट्रान्झिस्टर परत नेतोस का विचारलं. राहू द्या म्हणालो.

पुढं सगळी ऑफिसं नव्या शहरात गेली. रुंद रस्ते, काचेच्या इमारती, चिटपाखरू नाही. मीही गेलो. बढती मिळाली, बहिणीचं लग्न झालं, सगळं यथासांग झालं. अलीकडे एक तरुण साहेब आले आहेत. ते फोनपुढं हिंदीत बोलतात आणि फोन आपोआप लिहितो. फार गोड स्वभावाचा मुलगा. मला म्हणाला, बाबूजी, आपको अब टाइपिंग की तकलीफ नहीं देंगे, आणि मला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. परीक्षा वगैरे काही घेतली नाही. मी म्हणालो, ठीक है सर. मनात मात्र पहिल्यांदा तो रकाना आला. याचं नाव कोण लिहील?

सर गेल्याचं पेपरात वाचलं. तेरवीला गेलो नाही, दुसऱ्या दिवशी गेलो. मुद्दामच. गर्दीत वही उघडता आली नसती. मी कशाला गेलो होतो ते सांगतो, आता लपवून काय करायचं आहे. मला ते पान फाडायचं होतं. इतकी वर्षं मनात धरून होतो की त्या टायपरायटरच्या ओळीत माझं नाव आहे, आडनावासकट, सरांच्या गोलाकार अक्षरात. उद्या कुणाच्या हाती लागलं तर, अशी काहीतरी वेडगळ भीती होती. कोण वाचणार होतं ते?

मुलगा भिलाईहून आलेला. अंगणात भंगारवाल्याचा काटा टांगला होता आणि आतून एकेक मशीन बाहेर येत होती. चिठ्ठ्यांचा खच पडला होता. मुलाला मराठी कळतं, पण बोलतो हिंदी. अंकल, देख लीजिए, कुछ रखना हो तो, असं म्हणून तो आत गेला. वही दीदींच्या टायपरायटरवरच पडलेली होती.

पान सापडायला वेळ लागला नाही. नाव, हिंदी टायपरायटर. कुठं सापडला, बूढापारा, भंगार. अवयव पुढं कोणात गेला, अक्षरांची मांडणी, कॉम्प्युटरमध्ये अजून जिवंत. मरणाचं कारण, माहीत असून सांगितलं नाही. आणि शेवटच्या रकान्यात सरांचं स्वतःचं नाव. पूर्ण, बापाच्या नावासकट, पहिल्या पानावर होतं तसंच.

मी पुढची मागची सगळी पानं चाळली. माझं नाव कुठेही नव्हतं. ते हाड शोध म्हणून मला सांगणारे ते होते, एवढाच त्यांचा त्यातला भाग. तेवढ्यासाठी त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं होतं, की भाडेकरू पोराला वाचवलं होतं, की मी आपण होऊन येऊन खोडेन आणि खरं लिहीन याची इतकी वर्षं वाट पाहिली होती, ते मला कळलं नाही. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं वाटलं खरं.

पेन माझ्या खिशाला होतं. आवक-जावकच्या माणसाच्या खिशाला ते असतंच.

मुलगा बाहेर आला. माझ्या हातातल्या वहीकडे बघून त्यानं विचारलं, "अंकल, इसमें कुछ काम का है क्या?"

मी म्हणालो, "नहीं."

त्यानं वही माझ्या हातातून घेतली आणि काट्यावर ठेवली.